तोडलेल्या वायरीचा काटा

या ग्रुपवर मी नुसता वाचायला येतो. खरं सांगू का, हसायला येतो. कुणाला विहिरीवर बाई दिसते, कुणाच्या मागं पैंजण वाजतात... दुपारी दुकानात काम नसलं की मी खाजाभाईला एकेक किस्सा वाचून दाखवायचो आणि दोघं मिळून यथेच्छ टिंगल करायचो. खाजाभाई म्हणजे माझ्या शेजारचा इंजिन मिस्त्री. नांदेडला देगलूर नाक्यावर त्याचं गॅरेज आणि माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान भिंतीला भिंत लागून आहे. वायर आहे तिथं करंट आहे, वायर न्हाई तिथं करंट न्हाई, देवाला हात जोडण्यापलीकडं मी एवढंच मानत आलो. त्यामुळं हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होऊन राहिलंय. हसायचं त्यांनी खुशाल हसा, मीही लई हसलोय.

आधी घरची गोष्ट सांगतो, न्हाईतर पुढचं कळायचं न्हाई. माझी बायको शोभा हिला तिच्या आईची किडनी बसवलेली आहे. ऑपरेशन संभाजीनगरला झालं, आता तपासणीला लातूरच्या डॉक्टरांकडं जातो. रोजच्या गोळ्या आहेत, त्या जन्मभर. त्या गोळ्यांनी अंगाची रोगाशी भांडायची ताकद मुद्दाम कमी केलेली असते, न्हाईतर अंगच ती किडनी परकी म्हणून टाकून देतं. म्हणून डॉक्टरांनी आम्हाला दर खेपेला दम दिला होता — ताप आला, बारीकसा जरी आला, तर घरात बसून राहायचं न्हाई, तडक इकडं यायचं. माझा रक्तगट जुळत न्हाई. सासूबाईंनी दिली ती दिली, ती गेली तर दुसरी देणारं कुणी नव्हतं.

मे महिन्यात उदगीरला तिच्या भावाच्या पोरीचं, पूजाचं लग्न निघालं. ऑपरेशन झाल्यापासून शोभा कुठल्याच कार्यक्रमाला गेली नव्हती. बारशी गेली, वास्तुशांती गेल्या, सख्ख्या मावशीचा तेरावा पण हिला फोनवर बघावा लागला. पूजा तर हिच्याच अंगाखांद्यावर वाढलेली. डॉक्टरांनी परवानगी दिली तेव्हा ही दवाखान्यातच रडली. अटी होत्या — मास्क लावायचा, गर्दीपासून लांब बसायचं, तिथलं पाणीही प्यायचं न्हाई, अक्षता टाकल्या की निघायचं. एवढ्यावर ही खूश. साडी कोणती नेसायची, पूजाला काय द्यायचं, घरात दुसरा विषय न्हाई.

आता गाडी. माझी जुनी डिझेलची सात सीटची आहे. एसी कधीच मेलाय. आमच्याकडं एक पद्धत आहे, पुण्याच्या मिस्त्रीनं ऐकलं तर तो डोक्याला हात लावेल. इंजिनच्या पाण्याच्या वाटेत एक वॉल असतो, तो इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवून धरतो. आमच्याकडचे मिस्त्री जुनी गाडी हातात आली की पहिल्यांदा तो वॉल काढून फेकतात. इथल्या उन्हात इंजिन गरम करायला वॉल कशाला पाहिजे बाबा! माझ्या गाडीतला खाजाभाईनंच काढलेला. त्यामुळं माझ्या गाडीचा टेंपरेचरचा काटा कधी पाव हिश्श्याच्या वर गेलाच न्हाई. भर उन्हात, घाटात, सात माणसं भरून सुद्धा.

लग्नाच्या खरेदीला आम्ही दोघं बाजारात निघालो होतो, तेव्हा तो काटा पहिल्यांदा वर गेला. घरापासून थोडं पुढं गेलो असू. बघतो तर काटा अर्ध्यावर. मी गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं, रेडिएटरच्या पाइपाला हात लावला. नुसता कोमट. इंजिन गरम असतं तर पाइपाला हात टिकला नसता. मी म्हटलं, सेन्सर गेला.

सेन्सरचं थोडं सांगतो, कंटाळू नका. इंजिनच्या पाण्यात तो बुडालेला असतो. पाणी तापलं की त्यातून करंट जास्त जातो आणि समोरचा काटा सी कडून, म्हणजे थंडकडून, एच कडं, म्हणजे लाल पट्टीकडं सरकतो. सेन्सरपासून मीटरपर्यंत एकच वायर. ती तुटली तर काटा सी वर पडून राहणार, मेल्यासारखा. ती कुठं बॉडीला चिकटली तर काटा टपकन एच वर जाऊन बसणार. पण हळूहळू, पाणी तापल्यासारखा चढायचा असेल तर सेन्सरच तापला पाहिजे, न्हाईतर तो खराब झालेला पाहिजे. तिसरं कारण या धंद्यात मी बघितलेलं न्हाई.

नवीन सेन्सर टाकला. दुकानात गाडी चालू ठेवली, काटा आपला पाव हिश्श्यावर गपगार. दुसऱ्या दिवशी शोभाला घेऊन शिंप्याकडं निघालो तर पुन्हा अर्ध्याच्या वर.

मग माझी सटकली. वायरिंगवाल्याच्याच गाडीचं मीटर खोटं बोलतंय म्हटल्यावर लोक काय म्हणतील? इंजिनचं अर्थिंग घासून घट्ट केलं. जुनी वायर सोडून सेन्सरपासून मीटरपर्यंत नवी कोरी वायर वेगळी ओढली. मीटरला जाणारा सप्लाय तपासला. तो बिघडला असता तर डिझेलचा काटाही नाचला असता, कारण दोघांचा सप्लाय एकच. डिझेलचा काटा जागचा हलत नव्हता. आणि एकटा फिरलो की टेंपरेचरचा पण हलत नव्हता. शोभा शेजारी बसली की चढायचा.

खाजाभाईला सांगितलं तर तो पोट धरून हसला. "हौ बालाजी, भाभी के आगे तेरा खुद का काटा चढता, गाडी की क्या बात है!"

पण मी खरंच तसा विचार केला होता, म्हणजे वायरिंगवाला करतो तसा. बसणाऱ्याच्या वजनानं सीटखाली एखादी वायर दबत असेल! सीट काढली. खालून फक्त मागच्या दिव्याची वायर जात होती. तरी एक जुनी ट्रकची बॅटरी उचलून सीटवर ठेवली आणि चक्कर मारली. काही न्हाई. मग खाजाभाईला बसवलं, तो शोभाच्या दुप्पट आहे. वाजेगावपर्यंत जाऊन आलो. काही न्हाई. उलट तो म्हणाला की चहा पाज, माझा वेळ घेतलास.

संध्याकाळी घरासमोर शोभाला म्हटलं, जरा गाडीत बस. बसली. काटा निघाला वर. म्हटलं, उतर. उतरली. काटा सावकाश खाली. पुन्हा बस म्हटलं तशी ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काय करायलाव ओ तुम्ही? मी काय वायर हाव का?"

"साडी नायलॉनची आहे का? स्टॅटिक करंट होत असेल."

"कॉटनची हाय. मला दम लागायलाय, मी चालले वर."

ते "दम लागायलाय" आता मला सारखं आठवतं. मी ऐकलं, आणि तेव्हा माझ्या डोक्यात काय चाललं होतं सांगू? कॉटन असेल तर स्टॅटिक न्हाई, मग बांगड्या असतील का... दुसऱ्या दिवशी मी सीटच्या लोखंडी फ्रेमला वेगळी अर्थ वायर दिली. बायकोच्या सीटला अर्थिंग करणारा अख्ख्या मराठवाड्यात मी एकटाच असेन.

आणि तापाचं म्हणाल तर मी रोज विचारायचो. थर्मामीटर तिच्या उशाशी असतो. "नॉर्मल हाय," ती म्हणायची. अंगाला हात लागला तरी मे महिन्यात नांदेडला काय कळणार? भिंत गरम, गादी गरम, नळाचं पाणी गरम.

लग्नाच्या दिवशी सकाळी निघालो. मुहूर्त दुपारचा होता. शोभा मागच्या सीटवर बसते म्हणाली, मी म्हटलं पुढं बस, तुला मागं मळमळतं. लोह्यापर्यंत काटा अर्ध्यावर. मी त्याच्याकडं बघायचं न्हाई असं ठरवलं होतं, पण धंद्याची खोड जात न्हाई. अहमदपूर यायच्या आधी तो लाल पट्टीच्या जवळ गेला. मी दोनदा थांबून पाइपाला हात लावला. कोमट. शोभा डोळे मिटून काचेला टेकली होती. मास्क लावलेला, त्यामुळं चेहरा दिसत न्हाई. लवकर उठल्यामुळं झोपली असेल म्हटलं.

शिरूर ताजबंदला रस्ता फुटतो. डावीकडं उदगीर, सरळ गेलं की लातूर. तिथं कडुनिंबाखाली मी गाडी उभी केली आणि डिकीतली पकड काढली. माझं डोकं आउट झालं होतं. त्या काट्याला मी लई शिव्या दिल्या. बॉनेट उघडून सेन्सरची वायर पकडीनं कचकन तोडली. इंजिनकडचं टोक एका बाजूला, मीटरकडचं दुसऱ्या बाजूला, त्याला चिकटपट्टी गुंडाळून हवेत बांधून ठेवलं. खिडकीतून डोकावलं तर काटा सी वर पडलेला. बरं वाटलं. म्हटलं, आता कुठं जातोस? गाडीत बसलो, किल्ली फिरवली.

काटा उठला.

टपकन न्हाई. सावकाश. पाव, अर्धा, पाऊण... आणि लाल पट्टीत जाऊन थांबला. त्याला वायर नव्हती. मी उतरून पुन्हा बघितलं, दोन टोकांमध्ये माझा पंजा मावत होता. अंगावर सर्रकन काटा आला म्हणतात ना, तो काय असतो ते मला पहिल्यांदा त्या उन्हात कळलं. मी आत आलो तर शोभानं एक हात डॅशबोर्डवर टेकवला होता. तिथून काही होतंय का म्हणून मी तिचं मनगट धरून हात बाजूला केला.

चुलीवरच्या तव्याला हात लागावा तसा लागला हो. उन्हानं गरम झालेलं अंग वेगळं आणि हे वेगळं. मी मास्क खाली ओढला. ओठ सुकलेले, डोळे लाल.

"शोभे, ताप हाय का तुला?"

तिनं तोंड काचेकडं फिरवलं.

"कधीपासून?"

"थोडा थोडा यायलाय. गोळी घेतली की उतरायलाय." मग एकदम माझा हात धरला. "अहो, अर्ध्या-पाऊण तासावर उदगीर हाय. अक्षता टाकू, तिथूनच लातूरला जाऊ. तुमच्या पाया पडते. मला पुन्हा त्या कॉटवर टाकलं तर मी कधी उठणार? पूजाला एवढं नवरी झालेलं बघू द्या."

मी तिच्यावर ओरडलो. तापात असलेल्या बाईवर मी ओरडलो, तुझ्या आईची किडनी आहे म्हणालो, तुला काही वाटतं का म्हणालो. ती रडत रडत म्हणाली, मलाच वाटतं, तुम्हाला काय कळणार. खरं सांगतो, एक क्षण माझं पण मन डळमळलं. अर्धा-पाऊण तास म्हणजे काय मोठं? एवढे दिवस निघाले तर एवढाही निघेल. समोर बघितलं तर काटा लाल पट्टी ओलांडून पार टोकाला टेकला होता आणि थरथरत होता.

मी गाडी सरळ घेतली, लातूरकडं. ती चाकूरपर्यंत माझ्याशी बोलली न्हाई. नंतर तिला बोलताच येईना, तेव्हा मीच हाका मारत राहिलो. शोभे, हूं म्हण. शोभे, नुसतं हूं म्हण. एक भीती दुसरीही होती, गाडीचं खरं टेंपरेचर सांगणारी वायर मी तोडून बसलो होतो. इंजिन खरंच तापलं आणि मध्ये बंद पडलं तर? काटा तर आता तिचं सांगत होता. इंजिनचं सांगायला कुणीच नव्हतं.

लातूरला पोचताच तिला आत घेतलं. लघवीवाटे जंतू गेले होते, किडनीला सूज होती, बीपी खाली चाललं होतं. डॉक्टर मला जे काही बोलले ते मी ऐकून घेतलं. एकच विचारलं, किडनी वाचेल का? ते म्हणाले, आधी पेशंट वाचू द्या. आणि दार लागलं. आत बसू देत न्हाईत, सिक्युरिटीवाल्यानं खाली थांबायला सांगितलं.

मी गाडीत जाऊन बसलो. दुसरं कुठं जाणार? किल्ली नुसती अर्धी फिरवली, इंजिन बंदच. काटा उठून लाल पट्टीला लागला. शोभा वर, मी खाली, आणि शेजारची सीट रिकामी. बॅटरी उतरेल हे कळत होतं, तरी मी किल्ली काढली न्हाई. उदगीरहून मेव्हण्याचा फोन आला, कुठं आहात, मंगलाष्टकं सुरू होऊन राहिलीत. मी म्हटलं, गाडी गरम झालीय, तुम्ही उरकून घ्या. मागं बँड वाजत होता.

ऊन कलायला लागलं तेव्हा काटा लाल पट्टीतून बाहेर आला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. औषधांचा गुण यायलाय म्हटलं. पाऊण झाला, अर्धा झाला. मी दोन्ही हात जोडून बसलो होतो, ये बाबा खाली ये. पाव हिश्श्यावर आला, तिथं थांबायला पाहिजे होता. थांबला न्हाई. आणखी खाली. आणखी. सी वर जाऊन पडला.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की बंद गाडीचा काटाही तिथंच असतो.

मी गाडीचं दार उघडं टाकून पळालो. लिफ्टला थांबलो न्हाई. सिक्युरिटीवाला अंगावर आला, त्याला ढकललं. दारावर दोन्ही हातांनी मारलं. आतून एक सिस्टर बाहेर आली, म्हणाली, ओ मामा, काय लावलंय, इतर पेशंट हायत ना? मी काय बोललो मला आठवत न्हाई. ती म्हणाली, "ताप उतरला त्यांचा. घामानं चिंब झाल्यात, चादर बदलून राहिलो आम्ही. बीपी पण धरायलंय." मी तिथंच फरशीवर बसलो. तिनं माझी अवस्था बघून दार थोडं उघडं धरलं. शोभा पडल्या पडल्या माझ्याकडं बघत होती. अंगावर नळ्या होत्या, केसांत सकाळचा गजरा तसाच होता.

"अक्षता पडल्या का?" तिनं विचारलं.

म्हटलं, पडल्या.

किडनी वाचली. लई दिवस राहावं लागलं, पण वाचली. पूजा आणि जावई तिथंच येऊन भेटून गेले, लांबून, काचेतून. त्या दिवशी ही हसली.

नांदेडला आल्यावर खाजाभाईनं आणि मी मिळून ते मीटर पूर्ण उघडलं. त्याला सगळं सांगितलं होतं, तो या वेळी हसला न्हाई. मीटर चांगलं. सप्लाय चांगला. वायरीची दोन टोकं मी बांधली होती तशीच, चिकटपट्टीसकट. दुसऱ्या एका वायरिंगवाल्यालाही दाखवलं, तो म्हणाला की तुटलेल्या वायरीवर काटा चढणं शक्य न्हाई, तुम्हाला उन्हानं भास झाला असेल. असेलही. पण भास एवढे दिवस, घरासमोर, बाजारात, एकाच माणसापाशी होतो का, ते त्याला सांगता आलं न्हाई. इथं कुणी इंजिनियर असतील, ऑटो इलेक्ट्रिकवाले असतील, तर कृपा करून सांगा. चेष्टा केली तरी चालेल, पण कारण सांगा. मला अजून सापडलेलं न्हाई.

त्या दिवसापासून काटा एकदाही हललेला न्हाई. शोभा शेजारी बसते, मी चोरून बघतो, तो सी वर पडलेला असतो. खाजाभाई रोज मागं लागलाय, वायर जोड म्हणून. त्याचं खरं आहे, काटा नसताना गाडी चालवणं म्हणजे आंधळा कारभार. मी दोनदा पकड घेऊन बॉनेटपर्यंत गेलो आणि परत आलो. शोभाला पण आता सगळं माहीत आहे. परवा ती म्हणाली, अहो, जोडून टाका ती वायर, एखाद्या दिवशी रस्त्यात इंजिन बसेल.

बसू दे म्हटलं. इंजिन मला दुसरं मिळतं.